गुडघ्याची बोली: दुखापतीचं ओझं कोणाच्या खांद्यावर?

आजच्या भागाचा विषय मी शोधला नाही, तो मला हेदवीत सापडला. शिमग्याला गावी गेलो होतो. रात्री मैदानावर दिवे लावून कबड्डीचे सामने चालले होते, आणि माझ्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी मला कोपऱ्यात नेलं. त्यांचा मुलगा वीस वर्षांचा, चढाईला उत्तम. पण उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. एका मोठ्या संघाच्या निवड चाचणीचं बोलावणं आलंय आणि त्याच सुमाराला पोलीस भरतीही आहे. ते म्हणाले, "तुम्ही इतिहासाचं सांगता ना, मग सांगा, याने काय करावं? लोक म्हणतात लिलावात कोट मिळतात. पण गुडघा परत गेला तर?"

मी त्यांना तेव्हा काही बोललो नाही. इतकंच म्हटलं, "काका, वाचून सांगतो." हा भाग म्हणजे ते वाचून सांगणं.

प्रश्न तसा जुना आहे. खेळाडू गुणवान आहे, पण त्याचं शरीर साथ देईल की नाही सांगता येत नाही. अशा खेळाडूवर पैसे लावायचे का? लावले तर किती आणि किती वर्षांसाठी? आणि तो पडला तर नुकसान कोणाचं? फुटबॉलमध्ये या प्रश्नावर शंभर वर्षं डोकेफोड चालू आहे. आपल्याकडे तो कबड्डीच्या मार्गाने घरात आला. म्हणून सुरुवात कबड्डीपासूनच करतो.

नोकरी हाच करार

हुतूतू म्हणा, कबड्डी म्हणा, खेळ आपलाच. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डीही होती. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला. पुढे बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्य घालवून हा खेळ १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपर्यंत नेला. हे बहुतेकांना माहीत असतं. खेळणाऱ्याचं घर कसं चालायचं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

ते चालायचं नोकरीवर. रत्नागिरी जिल्ह्यातला मुलगा मुंबईला जायचा, लालबाग-परळ-वरळीच्या चाळीत गाववाल्यांच्या गाळ्यात राहायचा. संध्याकाळी मंडळाच्या मैदानावर खेळायचा. चांगला खेळला की कोणाच्या तरी नजरेत भरायचा आणि मग रेल्वे, बँक, पोलीस, महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम यांपैकी कुठेतरी चिकटायचा. 'चिकटणं' हा शब्द आपण हसून वापरतो, पण त्यात एक पूर्ण करार दडलेला होता. कंपनीसाठी दहा वर्षं खेळ, कंपनी तुला निवृत्तीपर्यंत सांभाळेल.

आमच्या वाडीत एक तात्या होते. मुंबईत एका कंपनीच्या संघातून खेळायचे. तिशीच्या आतच गुडघा गेला, तोही मातीच्या मैदानावर, एका पकडीत. त्यानंतर ते कधी खेळले नाहीत. पण कंपनीने त्यांना टेबलावर बसवलं, आणि ते रीतसर निवृत्त होऊन गावी आले. पेन्शनीतून घराला चिरे लावले. त्यांना कधी कोणी विचारलं नाही की तुमची किंमत किती. कारण किंमत लागलीच नव्हती. लागली होती ती जागा.

आता या व्यवस्थेचे गोडवे गाण्याआधी तिची दुसरी बाजूही बघू. तेव्हा पैसा कमी होता. जगातला सगळ्यात भारी चढाईपटू असलात तरी पगार कारकुनाचाच. संघात जागा मर्यादित, ओळख लागायची, आणि जागा मिळाली नाही तर हातात काहीच नाही. पण एक गोष्ट या करारात चोख होती. दुखापतीचं ओझं मालकाच्या खांद्यावर होतं. खेळाडू पडला तरी महिन्याची एक तारीख चुकत नव्हती.

पुढे हे दार हळूहळू अरुंद झालं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगाव विस्कटलं. बँकांची विलीनीकरणं झाली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, ते आजही मोठा आधार आहे. पण पूर्वीसारखी 'कंपनीची टीम' आता मुलांना स्वप्नात दिसत नाही. स्वप्नात दिसतो तो लिलाव.

हातोडा पडला

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, पाटणा पायरेट्सने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. तेव्हा आपल्याला तो आकडा केवढा वाटला होता! चार वर्षांनी, २०१८ च्या लिलावात, मोनू गोयतला हरयाणा स्टीलर्सने १ कोटी ५१ लाख दिले. कबड्डीत कोट आले ते त्या दिवशी.

त्याच २०१८ च्या लिलावात एक मराठी नाव होतं, ज्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला, हुंदळेवाडीचा. यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. आणि पहिल्याच हंगामात या पठ्ठ्याने चढाईत २१८ गुण केले. उंचापुरा, खांदे असे की दोघं-तिघं लटकले तरी ओढत मध्यरेषेपर्यंत यायचा. लोक त्याला बाहुबली म्हणायला लागले.

पुढच्या वर्षी, २०१९ च्या लिलावात, तेलुगु टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाख लावले. त्या लिलावातला सगळ्यात महाग खेळाडू, चंदगडचा. त्याचा मोठा भाऊ सूरजही त्या वर्षी त्याच संघात होता. सिद्धार्थने त्या हंगामात पुन्हा दोनशेच्या वर गुण काढले. दोन हंगाम सलग. आता याला कोण सोडणार?

मधे कोविड आला. २०२१ च्या लिलावात टायटन्सने त्याला १ कोटी ३० लाखांना पुन्हा घेतलं. आणि त्या हंगामात मोजके सामने होतात न होतात तोच तो जखमी होऊन बाहेर. संघ पूर्ण त्याच्याभोवती उभा केलेला. टायटन्सने तो अख्खा हंगाम एकच सामना जिंकला आणि तळाला राहिले.

पुढच्या वर्षी, २०२२ ला, तोच संघ, तोच खेळाडू. बोली किती? २० लाख.

इथे जरा थांबू. १ कोटी ३० लाखांवरून २० लाख, एका वर्षात. माणूस तोच, खांदे तेच, चढाईचं कसब तेच. बदललं काय होतं? बदलली होती समोरच्याची भीती. बाजाराने त्याच्या खेळाची किंमत कमी केली नाही, बाजाराने त्याच्या न खेळण्याची शक्यता वजा केली.

आणि ती वजाबाकी बरोबर होती का? तर २०२३ च्या लिलावात हरयाणा स्टीलर्सने त्याच सिद्धार्थसाठी १ कोटी मोजले, आणि हरयाणा त्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत गेली. १ मार्च २०२४ ला हैदराबादला पुणेरी पलटणकडून २८-२५ असा पराभव झाला, पण पोहोचली. त्यानंतरच्या लिलावात किंमत पुन्हा खाली. आता हे आकडे एका ओळीत ठेवून बघा: ३६, १४५, १३०, २०, १००, सगळे लाखात. काजूच्या भावासारखं झालं हे. फरक इतकाच, की काजूला घर चालवायचं नसतं.

दहा मिनिटांचे सव्वादोन कोटी

दुसरं उदाहरण तर याहून बोलकं. ऑगस्ट २०२२ च्या लिलावात तमिळ थलायवाजने पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाखांच्या वर बोली लावली. तोवरची सर्वात मोठी. ऑक्टोबरमध्ये त्यांचा पहिला सामना झाला, बंगळुरूला, गुजरात जायंट्सविरुद्ध. पहिली काही मिनिटं झाली. समोरून चंद्रन रंजित चढाईला आलेला, पवन त्याला पकडायला गेला, आणि गुडघा मुरगळला. स्ट्रेचरवरून बाहेर. हंगाम संपला.

संघाने काय केलं? हे ऐकण्यासारखं आहे. सगळे म्हणाले आता थलायवाज संपले. पण नरेंदर नावाचा नवखा पोरगा पुढे आला, २४३ गुण करून बसला, आणि हा संघ उपांत्य फेरीत गेला. तिथे पुणेरी पलटणने त्यांना दोन गुणांनी हरवलं.

आणि पवनचं काय झालं? वर्षभर तो बरा होत राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. त्यानंतर लगेच मुंबईत लिलाव होता. तेलुगु टायटन्सने त्याला घेतलं २ कोटी ६० लाख ५० हजारांना. एका संघाची एकूण तिजोरी ५ कोटींची. म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसे एका माणसावर, एका गुडघ्यावर म्हणा हवं तर. पवन खेळला, छान खेळला. आणि टायटन्स पुन्हा तळाला.

आता या दोन संघांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवा. ज्यांचा तारा पहिल्याच सामन्यात पडला ते उपांत्य फेरीत. ज्यांचा तारा पूर्ण हंगाम उभा राहिला ते शेवटच्या नंबरात. म्हणजे संघ बांधणाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न 'हा खेळाडू जखमी होईल का' हा नाहीच. प्रश्न आहे, 'हा नसला तर माझ्याकडे कोण आहे?' आमच्याकडे होडी बांधताना जुने लोक एकाच फळीवर भार येऊ देत नाहीत, त्यातलाच प्रकार.

फुटबॉलवाले काय शिकले

आता जरा बाहेर जाऊ, कारण हे सगळं फुटबॉलने आधी भोगलंय.

ब्राझीलचा रोनाल्डो. १९९७ ला इटलीच्या इंटर मिलानने त्याला बार्सिलोनाकडून घेतलं. नोव्हेंबर १९९९ मध्ये गुडघा गेला. एप्रिल २००० मध्ये लाझिओविरुद्ध मैदानावर परतला आणि सहा-सात मिनिटांत तोच गुडघा पुन्हा गेला. पुढचा अख्खा हंगाम बाहेर. इंटरने काय केलं? थांबले. करार चालू ठेवला, उपचार होऊ दिले. २००२ च्या विश्वचषकात हाच माणूस आठ गोल करून ब्राझीलला चषक जिंकून देतो, आणि त्याच उन्हाळ्यात रेआल माद्रिदला निघून जातो. मिलानचे लोक संतापले. त्यांचंही चुकलं नाही. पेरलं एकाने, खाल्लं दुसऱ्याने.

दुसरं टोक म्हणजे टॉटनहॅमचा लेडली किंग. याच्या एका गुडघ्यात कूर्चा उरलीच नव्हती. सामन्यानंतर गुडघा सुजायचा, आठवडाभर सरावच करता यायचा नाही. कुठलाही हिशेबनीस म्हणेल, काढून टाका. क्लबने उलट केलं. त्याला सरावातून मोकळं ठेवलं, पोहणं आणि व्यायामशाळा इतकंच, आणि सामन्याच्या दिवशी उतरवलं. २०१२ ला निवृत्त होईपर्यंत तो त्याच एका क्लबचा राहिला. इथे कराराची रक्कम महत्त्वाची नव्हती, कामाची आखणी महत्त्वाची होती. शरीर जेवढं देतंय तेवढंच मागायचं.

तिसरं, अगदी अलीकडचं. नेमार ऑगस्ट २०२३ ला सौदीच्या अल हिलालमध्ये गेला. दोन वर्षांचा करार, डोळे फिरतील असा पैसा. ऑक्टोबरमध्ये देशासाठी खेळताना गुडघा गेला. सात सामने खेळला फक्त, आणि जानेवारी २०२५ मध्ये दोघांच्या संमतीने करार संपवला. देशासाठी खेळताना खेळाडू पडला तर क्लबने का सोसायचं, हा वाद जुना होता. म्हणून फिफाने २०१२ पासून क्लबांना भरपाई देणारी विम्यासारखी योजना चालू केली आहे. ओझं कुठेतरी वाटून घ्यावंच लागतं, हे त्यांना कळलं.

फिफाच्या नियमांतली आणखी एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. खेळाडूशी केलेला करार 'वैद्यकीय तपासणीत पास झाला तर लागू' अशा अटीवर करता येत नाही. तपासायचं ते आधी तपासा, मग सही करा. सही झाली की पाठ फिरवायची नाही. म्हणून मोठ्या बदल्यांच्या वेळी बातमी येते की खेळाडू तपासणीसाठी पोहोचला. तो सोहळा त्या नियमामुळे आहे.

आपल्या शेजारची गोष्ट

आणि आता मुंबई-गोव्याची एक गोष्ट. अन्वर अली, पंजाबचा बचावपटू. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला. मुंबई सिटीच्या ताफ्यात असताना, २०१९ मध्ये, त्याच्या हृदयात दोष असल्याचं कळलं. हा गुडघा नव्हता, इथे जिवाचा प्रश्न होता. २०२० मध्ये फुटबॉल महासंघाने त्याला थांबवलं. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. शेवटी डॉक्टरांचे अहवाल, कागदपत्रं असं सगळं होऊन त्याला खेळायची परवानगी मिळाली, आणि एफसी गोवाने त्याला घेतलं. जून २०२२ मध्ये तो भारतासाठी हाँगकाँगविरुद्ध गोल करत होता. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, कोलकात्याचे दोन मोठे क्लब हा कोणाचा यावरून भांडत होते.

ज्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं, त्याच्यासाठी पुढे भांडणं. पण मी ही गोष्ट 'हिंमत करा, सगळं छान होतं' असं म्हणायला सांगत नाहीये. अन्वरला खेळू द्यावं की नाही यावर डॉक्टरांतही दुमत होतं. मी सांगतोय ती एवढ्यासाठी की त्या प्रत्येक टप्प्यावर कागद होता. तपासणीचा कागद, जबाबदारीचा कागद. धोका होता, पण तो सगळ्यांसमोर मांडलेला होता, लपवलेला नव्हता. आपल्याकडची पोरं नेमकं उलटं करतात. गुडघ्याला पट्टा बांधतात, वर लांब पँट घालतात, आणि चाचणीला उभी राहतात. कळलं तर घेणार नाहीत म्हणून.

तर काका…

हेदवीच्या त्या काकांना मी परवा फोन केला. जे बोललो ते इथेही सांगतो.

पहिलं, लिलावात पुकारतात तो आकडा मुलाचा नसतो. तो एका हंगामाच्या आशेचा असतो. पुढच्या वर्षी तो पाचपट वर जाईल किंवा एक षष्ठांश होईल, सिद्धार्थ देसाईच्या बाबतीत दोन्ही झालंय. शिवाय कोटींचे आकडे दहा-पंधरा जणांचे. बाकीचे काही लाखांत असतात, आणि त्याहून कितीतरी जास्त पोरं चाचणीवरूनच घरी परततात. म्हणून त्या आकड्यावर घर बांधायला काढू नका.

दुसरं, मुलगा निवडला गेलाच, तर 'किती देणार' याच्या आधी एक विचारायचं: पडलो तर काय? शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, ती कुठे होणार, बरा होईपर्यंतचे पैसे मिळणार का, विमा कोणाच्या नावावर. तोंडी नको, कागदावर. आणि तो कागद वाचायला गुहागरला किंवा चिपळूणला एखाद्या वकिलाकडे जायला लाजू नका.

तिसरं, गुडघा लपवू नका. लपवलेला गुडघा मॅटवर सापडतोच, आणि तेव्हा तो कायमचा जातो.

काका म्हणाले, "म्हणजे पोलीस भरतीच बरी." मी म्हटलं, तिथेही १६०० मीटर धावायचंय, तोच गुडघा घेऊन. सोपी वाट कुठलीच नाही. गुडघा आधी नीट करा, सहा महिने लागले तर लागू द्या. मुलाची राज्य स्पर्धेची प्रमाणपत्रं पडताळून ठेवा, पाच टक्क्यांच्या दारासाठी ती लागतात. मग दोन्हीकडे जाऊ दे. खेळणं थांबव असं मी सांगणार नाही, तो हक्क मला नाही.

थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तात्यांचं बरं होतं." मी हो म्हटलं. तात्यांना कोट मिळाले नाहीत, पण गुडघा गेल्यावर त्यांना रात्री जागावं लागलं नाही. आजच्या पोरांना कोट मिळू शकतात, आणि जागरणही त्यांचंच. या दोन्हीच्या मधलं काही आपल्याला जमवता येईल का, हा प्रश्न आता महासंघाने, संघमालकांनी आणि प्रेक्षक म्हणून आपणही विचारायला हवा. कारण त्या खांद्यावर लटकणारे बचावपटू आपल्याला दिसतात, त्यावरचं बाकीचं ओझं दिसत नाही.

मुलगा सध्या रोज सकाळी किनाऱ्यावर, ओल्या वाळूत, चालतोय. धावत नाहीये अजून. बामणघळीपर्यंत जाऊन परत येतो म्हणे. चाचणीची तारीख त्याने यंदा सोडली आहे. पुढच्या शिमग्याला तो मैदानावर दिसला तर तुम्हाला नक्की सांगेन.

तुमच्या घरात, वाडीत, मंडळात कोणी कंपनीच्या संघातून खेळलेलं असेल, तर त्यांना एकदा विचारा की दुखापत झाली तेव्हा त्यांच्यामागे कोण उभं राहिलं होतं. आणि आम्हाला लिहून कळवा. भेटू पुढच्या भागात.